हजेरीतला ‘च’

अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदेला, म्हणजे विद्यार्थी एकेका देशाचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांसारखी सभा चालवतात त्या उपक्रमाला, आमच्याकडची मुले सरळ ‘मन’ म्हणतात. ‘एमयूएन’ या इंग्रजी आद्याक्षरांचा तो सलग उच्चार आहे, पण ‘यंदा किती मन केलीस?’ असे एक मुलगी दुसरीला विचारू लागली की शेजारी भाजी निवडत बसलेली आजी दचकून वर पाहते. हे माझ्याच घरात घडलेले आहे. विधी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात मी अशा परिषदेत पहिल्यांदा बसले, पुढे देशाच्या नावाचा फलक सोडून अध्यक्षांच्या खुर्चीवर गेले, आणि आता वकिलीच्या धबडग्यातूनही वर्षातले दोन-तीन शनिवार-रविवार पुण्या-मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयात समिती चालवण्यासाठी राखून ठेवते. या सगळ्या काळात भाषण कसे करावे, ठरावाचा मसुदा कसा लिहावा, दुसऱ्या गटातले देश आपल्याकडे कसे ओढावेत यांवरच्या कार्यशाळा मी कितीतरी पाहिल्या. हजेरी कशी द्यावी आणि मते कशी मोजावीत यावरची एकही पाहिली नाही. आयोजकांच्या लेखी तो कारकुनी भाग आहे. माझे मत असे, की समितीत दोन दिवस जे काही बोलले जाते त्याचा निकाल याच कारकुनी भागात लागतो, आणि अनेक प्रतिनिधी स्वतःचा निकाल सकाळी साडेनऊला, अर्धवट झोपेत, स्वतःच्याच तोंडाने लावून घेतात.

आपल्याकडच्या बऱ्याच परिषदा अमेरिकेतल्या ‘युनायटेड नेशन्स असोसिएशन’च्या नियमावलीवर बेतलेल्या नियमांनी चालतात. त्यांत प्रत्येक सत्राच्या आरंभी अध्यक्ष इंग्रजी वर्णानुक्रमाने देशांची नावे पुकारतात. नाव आले की प्रतिनिधीने फलक उंच धरायचा आणि दोहोंपैकी एक उत्तर द्यायचे, ‘प्रेझेंट’ किंवा ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’. पहिले उत्तर देणाऱ्याला ठरावावरच्या अंतिम मतदानात होकार, नकार आणि तटस्थता असे तिन्ही मार्ग मोकळे राहतात. दुसरे उत्तर देणाऱ्याने तटस्थ राहण्याचा हक्क त्याच क्षणी सोडून दिलेला असतो. संध्याकाळी त्याला होय किंवा नाही यांतले एक म्हणावेच लागते. उशिरा येणाऱ्याने मंचाकडे चिठ्ठी पाठवून आपण आल्याचे कळवायचे, तोवर त्याचा देश गैरहजर. दिलेले उत्तर पुढच्या सत्राच्या हजेरीत बदलता येते, अधेमधे नाही.

नवख्या मुलांना दुसरे उत्तर अधिक रुबाबदार वाटते. ‘प्रेझेंट’ म्हणजे वर्गातली हजेरी. ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ म्हणजे काहीतरी ठाम, बाणेदार. पहिल्या दोन-तीन देशांनी ते म्हटले की पुढचे दहा-पंधरा देश त्याच सुरात म्हणत जातात, आणि मी वहीत नावांपुढे खुणा करताना मनाशी म्हणते, यांतल्या निम्म्यांना संध्याकाळी पस्तावायचे आहे.

एका परिषदेत भारताचा फलक अकरावीतल्या एका मुलाकडे होता. विषय युक्रेनचा होता, आणि मुलाने तयारी मन लावून केली होती. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या तातडीच्या विशेष अधिवेशनात रशियाच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव १४१ विरुद्ध ५ अशा मतांनी संमत झाला आणि ३५ देश तटस्थ राहिले, त्या ३५ मध्ये भारत होता, हे त्याला ठाऊक होते. भारताने आपली तटस्थता कोणत्या शब्दांत मांडली तेही त्याने वहीत उतरवून आणले होते. एवढे सगळे करून सकाळी हजेरीच्या वेळी तो खणखणीत आवाजात म्हणाला, ‘इंडिया, प्रेझेंट अँड व्होटिंग!’ मी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. त्याला ते कौतुकाचे पाहणे वाटले असावे.

दुपारी ठराव मतदानाला आला. दारे बंद झाली, चिठ्ठ्यांची ये-जा थांबली, आणि नाव पुकारून मत घेण्याची मागणी मान्य झाली. या पद्धतीत पहिल्या फेरीत ‘पास’ म्हणून वेळ मागून घेता येतो, पण ज्याने वेळ मागितला त्याला दुसऱ्या फेरीत होय किंवा नाही म्हणावेच लागते. आपल्या देशाच्या धोरणाशी विसंगत दिसेल असे मत देणाऱ्याला ‘यस विथ राइट्स’ किंवा ‘नो विथ राइट्स’ म्हणून खुलाशाचा हक्क राखून ठेवता येतो; मात्र एकदा ‘पास’ म्हटले की तो हक्क उरत नाही. मुलाला आपली अडचण भारताच्या दोन-तीन नावे आधी उमगली. त्याने मंचाकडे पाहिले, शेजारच्या इंडोनेशियाकडे पाहिले, आणि नाव येताच घाईघाईने ‘पास’ म्हणून मोकळा झाला. म्हणजे ज्या एका वाटेने त्याला अब्रू वाचवता आली असती, होकार द्यायचा आणि मग अर्ध्या मिनिटात त्याचा खुलासा करायचा, तीही त्याने स्वतःच बुजवून टाकली. दुसऱ्या फेरीत त्याने खाली मान घालून ‘यस’ म्हटले. रशियाचा फलक धरलेली मुलगी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती मला अजून आठवते. वहीतले तटस्थतेचे टिपण तसेच राहिले.

यात गंमत अशी, की ही हजेरी खऱ्या संयुक्त राष्ट्रांत नाहीच. न्यूयॉर्कच्या आमसभेत सकाळी नावे पुकारून कोणी कोणाची हजेरी घेत नाही आणि कोणाकडून मतदानाची हमीही घेत नाही. मग ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ हे शब्द आले कोठून? ते आमसभेच्या कार्यपद्धतीच्या नियमांत आहेत, पण निराळ्या अर्थाने. नियम ८६ सांगतो की ‘उपस्थित राहून मतदान करणारे सदस्य’ म्हणजे होकारार्थी किंवा नकारार्थी मत देणारे सदस्य. जे तटस्थ राहतील त्यांनी मतदान केले नाही असे धरायचे. म्हणजे मूळ नियमात हे शब्द मतमोजणीचे आहेत, बहुमत कोणत्या संख्येवर काढायचे ते सांगणारे. मतदान झाल्यावरच कळते की उपस्थित राहून मतदान करणारे किती होते. विद्यार्थ्यांच्या परिषदांनी तोच शब्दसमूह उचलून सकाळच्या हजेरीत आणून बसवला आणि मोजणीच्या व्याख्येची प्रतिज्ञा करून टाकली. आपल्या राज्यघटनेतही हा शब्दसमूह मूळ अर्थानेच येतो. घटनादुरुस्तीच्या ३६८ व्या कलमात सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत अशा दोन अटी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, त्या वाचल्या म्हणजे दोन्ही संख्या वेगळ्या का असतात हे चटकन लक्षात येते.

मोजणीच्या या अर्थाकडे दुर्लक्ष केल्याची शिक्षा मी स्वतः भोगली आहे. अध्यक्षपदाचे माझे ते दुसरेच वर्ष. समितीत ३६ देश, सकाळच्या हजेरीत ३३ उपस्थित. जेवणानंतर मी पुन्हा हजेरी घेतली नाही, कारण वेळापत्रक आधीच तासभर मागे पडले होते आणि आयोजक दाराशी येऊन घड्याळ दाखवत होते. संध्याकाळी ठरावाला १३ मते अनुकूल आणि ९ प्रतिकूल पडली, दोघे तटस्थ राहिले. माझ्या समोरच्या कागदावर सकाळचाच आकडा होता, ३३. त्याचे साधे बहुमत १७. म्हणून मी ठराव फेटाळला गेल्याचे जाहीर केले आणि हातोडा आपटला. मागच्या रांगेतून उरुग्वेचा फलक वर आला. हरकतीचा मुद्दा. ती मुलगी उभी राहून शांतपणे म्हणाली, की सभागृहात आत्ता २४ देश आहेत, त्यांपैकी मत देणारे २२, त्यांचे बहुमत १२, आणि ठरावाला १३ मते आहेत. नियमपुस्तिका माझ्या हाताखालीच उघडी होती. मी ती वाचली, हातोडा पुन्हा उचलला आणि माझाच निर्णय मागे घेतला. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या ते गप्प झाले आणि जे गप्प होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून जेवणानंतरची हजेरी मी कधी चुकवलेली नाही, मग आयोजक दारातच नव्हे, मंचावर येऊन उभे राहिले तरी.

तटस्थांना संख्येतून वगळले की काय होते, याचे मी मुलांना नेहमी दाखवते ते उदाहरण १९४७ सालचे आहे. पॅलेस्टाइनच्या फाळणीचा आराखडा २५ नोव्हेंबरला आमसभेच्या तदर्थ समितीत मतास आला तेव्हा २५ मते बाजूने, १३ विरुद्ध आणि १७ देश तटस्थ असा निकाल लागला. समितीत साधे बहुमत पुरत असल्याने तो तेथे संमत झाला. पण आमसभेत त्याला दोन तृतीयांश बहुमत लागणार होते, आणि २५ अधिक १३ म्हणजे ३८ मतांचे दोन तृतीयांश भरतात २६. एक मत कमी. पुढच्या चार दिवसांत जी पळापळ झाली ती या एका मतासाठी. २९ तारखेला आमसभेत प्रत्यक्ष मतदान झाले तेव्हा फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, न्यूझीलंड असे आधी तटस्थ राहिलेले देश होकाराकडे सरकले होते, आणि ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. १० देश तटस्थ राहिले आणि सयाम, म्हणजे आजचे थायलंड, गैरहजर होते. भारताने विरुद्ध मत दिले. आता मतमोजणी पाहा. ३३ अधिक १३ म्हणजे ४६, त्यांचे दोन तृतीयांश ३१, म्हणून ठराव दोन मते राखून तरला. तटस्थ असलेले दहा देश मोजणीत धरले असते तर ५६ चे दोन तृतीयांश, म्हणजे ३८ मते लागली असती आणि ठराव पडला असता. ब्रिटन तटस्थ होता, चीन तटस्थ होता. त्यांनी मत दिले नाही, पण पारडे कोणत्या बाजूला झुकेल ते ठरण्यात त्यांच्या न बोलण्याचा वाटा होता. हे गणित फळ्यावर मांडल्यावर ‘तटस्थ राहणे म्हणजे पळ काढणे’ असे म्हणणारी मुले थोडा वेळ तरी गप्प बसतात.

त्या वर्षी भारताच्या शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित होत्या, ज्या पुढे १९५३ मध्ये आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल. त्यांचे पती रणजित पंडित मराठी घराण्यातले, हे आमच्या मुलांना सांगितले की त्यांना उगीचच बरे वाटते. विषयाशी त्याचा संबंध नाही, पण एवढी मुभा मी घेते.

सुरक्षा परिषदेत तटस्थतेचे वजन उलटे पडते, आणि येथेच आमसभेतून आलेले चांगले प्रतिनिधीही फसतात. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २७ व्या कलमानुसार परिषदेच्या १५ सदस्यांपैकी नऊ होकार मिळालेच पाहिजेत. येथे उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचा हिशेबच नाही. त्यामुळे तटस्थ राहणाऱ्याचे मत नकारासारखे पडते, फक्त त्यात नकाराधिकाराची धार नसते. लिबियाविषयीचा १९७३ क्रमांकाचा ठराव १७ मार्च २०११ रोजी दहा होकार, शून्य नकार आणि पाच तटस्थ अशा मतांनी संमत झाला. तटस्थांत भारत, ब्राझील आणि जर्मनी होते, तसेच रशिया आणि चीनही होते. एकानेही विरोध केला नव्हता, तरी होकार देणाऱ्यांपैकी आणखी दोघे तटस्थ राहिले असते तर ठराव पडला असता. रशिया-चीनने होकारासाठी हात वर केला नाही म्हणून नकाराधिकार वापरला गेला असे कोणी म्हणत नाही. कायम सदस्याची तटस्थता म्हणजे नकार नव्हे, ही प्रथा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नामिबियाविषयीच्या १९७१ च्या सल्लागारी मतात ग्राह्य धरली आहे. सुरक्षा परिषदेची अभिरूप समिती चालवताना दरवेळी कोणीतरी फ्रान्स किंवा चीन हजेरीत ‘प्रेझेंट अँड व्होटिंग’ म्हणून बसतो, आणि मग संध्याकाळी त्याच्यापुढे होकार किंवा थेट नकाराधिकार एवढेच उरते. नकाराधिकार असलेल्या पाच कायम सदस्यांपैकी कोणाच्याही हाती यापेक्षा वाईट पत्ते नसतील.

गैरहजेरीचेही एक उदाहरण याच परिषदेत आहे, आणि त्यात भारत अध्यक्षस्थानी आहे. चीनची जागा बीजिंगच्या साम्यवादी सरकारला न देता तैवानमधल्या सरकारकडेच ठेवल्याचा निषेध म्हणून सोव्हिएत संघाने जानेवारी १९५० पासून सुरक्षा परिषदेच्या बैठकांवर बहिष्कार टाकला होता. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले. परिषदेत तेव्हा ११ सदस्य होते आणि सात होकार लागत. २७ जूनला दक्षिण कोरियाला मदत करण्याची शिफारस करणारा ठराव मतास आला तेव्हा सात होकार पडले, युगोस्लाव्हियाने विरोध केला, आणि इजिप्त व भारत यांनी मतदानात भागच घेतला नाही, कारण त्यांच्या प्रतिनिधींना आपल्या सरकारांकडून वेळेत आदेश मिळाले नव्हते. सोव्हिएत खुर्ची रिकामी होती. लागणारी मते सात, पडलेली मते सात. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद भारताकडे होते, म्हणजे बेनेगल नरसिंग राव अध्यक्षांच्या खुर्चीत बसून मत न देता मते मोजत होते. भारताने त्या ठरावाला आपली मान्यता काही दिवसांनी कळवली. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला, अध्यक्षपदाची पाळी सोव्हिएत संघाची आली तेव्हा, याकोव्ह मलिक परतले. हा प्रसंग मी सांगते तेव्हा मुले विचारतात, ‘मॅम, मग चिठ्ठी पाठवली असती तर?’ मला तो प्रश्न फार आवडतो.

कार्यपद्धतीविषयीच्या सूचनांवर, म्हणजे पुढची चर्चा किती मिनिटांची, भाषणे किती सेकंदांची, सभा तहकूब करावी का, अशा गोष्टींवर फलक उंचावून मत घेतात. येथे कोणालाच तटस्थ राहता येत नाही, मग हजेरीला काहीही म्हटलेले असो. यात शिकवण्यासारखे फारसे नाही, एवढेच की विषयाच्या गाभ्यावरचे मत आणि कार्यपद्धतीवरचे मत यांतली सीमारेषा कोण आखतो ते पाहावे. १९७१ मध्ये चीनची जागा कोणाला द्यायची हा वाद आमसभेत आला तेव्हा अमेरिकेचा डाव असा होता, की तैवानच्या सरकारला काढून टाकणे हा ‘महत्त्वाचा प्रश्न’ ठरवून घ्यावा, म्हणजे त्याला दोन तृतीयांश बहुमत लागेल. असे ठरवायला मात्र साधे बहुमत पुरते. ते ५५ विरुद्ध ५९ मतांनी हुकले आणि त्यानंतर २५ ऑक्टोबरला मुख्य ठराव ७६ विरुद्ध ३५ मतांनी संमत झाला. १११ चे दोन तृतीयांश ७४ होतात, म्हणजे अमेरिकेची सूचना संमत झाली असती तरी याच आकड्यांनी मुख्य ठराव तरला असता. पण पहिल्या मतदानानंतर सभागृहाचा वारा बदलला होता आणि तैवानचे शिष्टमंडळ मुख्य मतदानाआधीच उठून गेले होते, तेव्हा असा हिशेब नंतर मांडणे सोपे.

निरीक्षक देशांबाबत आमच्या परिषदा खऱ्या संस्थेपेक्षा उदार आहेत. पॅलेस्टाइनचा किंवा व्हॅटिकनच्या धर्मपीठाचा फलक धरणाऱ्याला कार्यपद्धतीवर मत देता येते, ठरावावर देता येत नाही. खऱ्या आमसभेत त्यांना कशावरही मत नाही. पॅलेस्टाइनला २९ नोव्हेंबर २०१२ रोजी बिगरसदस्य निरीक्षक राष्ट्राचा दर्जा मिळाला, १९४७ च्या फाळणीच्या मतदानाचीच तारीख मुद्दाम निवडलेली, आणि मे २०२४ च्या ठरावानंतर वर्णानुक्रमाने सदस्य देशांमध्ये बसण्याची जागाही मिळाली. मत मात्र अजून नाही. ज्या मुलीने दोन दिवस पोटतिडकीने भाषणे केलेली असतात तिचे नाव अंतिम मतदानात पुकारलेच जात नाही, तेव्हा ती माझ्याकडे पाहते. मला तिच्याकडे पाहण्याशिवाय काही करता येत नाही.

आता नावांच्या क्रमाविषयीची माझी जुनी तक्रार. आमच्याकडे नाव पुकारून मत घेताना सुरुवात नेहमी अफगाणिस्तानपासून होते, म्हणून अफगाणिस्तान, अल्बेनिया, अल्जीरिया हे अंधारात मत देतात आणि येमेन, झांबिया, झिम्बाब्वे यांना आपले नाव येईपर्यंत निकाल जवळजवळ कळलेला असतो. त्यामुळे ‘पास’ची खिरापत वरच्या नावांत वाटली जाते आणि खालच्यांना ऐनवेळी जिंकणाऱ्या बाजूला सरकण्याची सोय होते. आमसभेच्या नियमांनी यावर उपाय करून ठेवलेला आहे: अध्यक्ष चिठ्ठी काढतात, ज्या देशाचे नाव निघेल तेथून पुकारणे सुरू होते. एका वाटीत छत्तीस चिठ्ठ्या टाकायला पाच मिनिटेही लागत नाहीत. मी माझ्या समितीत हे करते. इतर अध्यक्ष हसतात. अर्थात खऱ्या आमसभेत आता बहुतेक वेळा यंत्राने एकाच वेळी मत नोंदवले जाते, फलकावर हिरवे, तांबडे, पिवळे दिवे लागतात, आणि क्रमाचा प्रश्नच उरत नाही. तेथेही चुका होतात. चुकीची कळ दाबली गेलेले शिष्टमंडळ नंतर सचिवालयाला कळवते, की आमचा विचार अनुकूल मत देण्याचा होता. त्याची नोंद अधिकृत इतिवृत्तात तळटीप म्हणून छापली जाते आणि निकालाचे आकडे मात्र होते तसेच राहतात. हे कळल्यापासून भारताच्या त्या मुलाविषयी मला अधिकच माया वाटू लागली आहे.

गणपूर्तीविषयी आपल्याकडच्या मुलांना खरे तर काहीच शिकवावे लागू नये. ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल’ हे वाक्य सोसायटीच्या सूचनाफलकावर वाचत आपण मोठे झालो आहोत, आणि त्या अर्ध्या तासात जिन्यात उभे राहून चहा पिणारे काकाही पाहिले आहेत. आमसभेत चर्चा सुरू करायला एक तृतीयांश सदस्य पुरतात, पण निर्णय घ्यायला बहुसंख्य सदस्य उपस्थित असावे लागतात. आमच्या बऱ्याच नियमपुस्तिकांत फक्त पहिली अट घेतली आहे. त्यामुळे रविवारी दुपारी, पारितोषिक समारंभाआधी, सर्वांचे लक्ष मोबाइलवर आणि निम्मे प्रतिनिधी आवारात छायाचित्रे काढत असताना, उरलेल्या बारा जणांनी जगाच्या पाण्याचा प्रश्न सोडवल्याचे मी पाहिले आहे.

गेल्या हिवाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतून बोलावणे आले. तिथल्या सरांना आठवी-नववीच्या मुलांची अशी परिषद संपूर्ण मराठीत घ्यायची होती, आणि त्यांनी नियम भाषांतरित करून ठेवले होते. ठराव, दुरुस्ती, हरकतीचा मुद्दा, तहकुबी, सगळे शब्द विधिमंडळातून आयते मिळाले होते. अडले ते हजेरीपाशी. सरांनी लिहिले होते, ‘उपस्थित’ आणि ‘उपस्थित व मतदानास बांधील’. मुलांनी ते एकदा म्हणून पाहिले आणि दुसऱ्या उत्तरावर प्रत्येक जण अडखळला. नववीतल्या एका मुलीने हात वर करून विचारले, ‘मॅडम, पहिला म्हणणारा मत देऊच शकत नाही का?’ मी म्हटले, देऊ शकतो, पण दिलेच पाहिजे असे नाही. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मग एक ‘हजर’ आणि दुसरं ‘हजर, मत देणारच’. ‘च’ लावला की अडकला.’

सरांना ते जरा बोली वाटले, पण ‘च’ राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीतून चिठ्ठी काढली, केनिया निघाला, आणि तेथून पुकारायला सुरुवात केली. तीस देशांपैकी सात जणांनी ‘मत देणारच’ म्हटले, त्यातही तिघांनी म्हणण्याआधी एकदा वहीत डोकावून पाहिले. झांबिया संपून यादी पुन्हा वरून सुरू झाली, ब्राझील गेला, चीन गेला, आणि भारताचा फलक वर आला. ‘हजर,’ मुलगा म्हणाला, आणि स्वल्पविरामावर थांबल्यासारखा क्षणभर थांबून खाली बसला.